‘वॉल-ई’ समजून घेताना : कचरा, खुर्ची आणि सुकाणू

पिक्सारचा ‘वॉल-ई’ हा ॲनिमेशनपट २००८च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अँड्र्यू स्टॅन्टन. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं आणि २०२१ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याला जागा दिली. पर्यावरणावरचा सिनेमा म्हणून त्याची ओळख आता पक्की आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. या सिनेमात पृथ्वीचं जे होतं आणि माणसांचं जे होतं, ते दोन्ही एकाच सवयीतून होतं. समोरचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवायचं आणि मग त्याकडे वळूनही बघायचं नाही, ही ती सवय. हा धागा हातात धरला की सिनेमातले सुटे वाटणारे प्रसंग एकमेकांत गुंतलेले दिसू लागतात. म्हणून तोच धरून पुढे जाऊ.

गोष्ट थोडक्यात अशी. साल २८०५. सुमारे सातशे वर्षांपूर्वी पृथ्वीवर कचरा इतका साचला की माणसांना प्रचंड अवकाशजहाजांत बसवून दूर पाठवण्यात आलं. पाच वर्षांत सफाई होईल, मग परत या, असं सांगण्यात आलं होतं. सफाईसाठी मागे ठेवलेले यंत्रमानव एकेक करून बंद पडले. वॉल-ई तेवढा उरला. तो रोज उठून कचरा गोळा करतो, पोटातल्या पेटीत दाबून त्याचा चौकोनी गठ्ठा करतो आणि गठ्ठ्यावर गठ्ठा रचतो. एक दिवस ईव्ह नावाची आधुनिक यंत्रमानव वनस्पती शोधायला येते. वॉल-ईला सापडलेलं आणि त्याने जुन्या बुटात ठेवलेलं एक रोपटं घेऊन ती ॲक्सिअम या जहाजावर परत जाते आणि तिच्या ओढीने वॉल-ईही तिच्या मागोमाग तिथे पोचतो.

गठ्ठे रचून काय होतं

सुरुवातीची जवळपास तीस-चाळीस मिनिटं सिनेमात संवाद नाहीतच म्हटलं तरी चालेल. या काळात आपण काय बघतो? गठ्ठ्यांचे मनोरे, गगनचुंबी इमारतींपेक्षाही उंच. पहिल्यांदा बघताना मेहनतीचं कौतुक वाटतं. पण थोडा विचार केला तर लक्षात येतं की सातशे वर्षांत कचरा एका किलोनेही कमी झालेला नाही. त्याने फक्त कमी जागा व्यापली आहे. आकार बदलला, जागा बदलली, वस्तू आहे तशीच राहिली.

कचरा व्यवस्थापन या विषयात नेमकी हीच गल्लत सर्वात जास्त होते. कचरा नजरेआड झाला की तो संपला असं वाटतं. प्रत्यक्षात फेकलेल्या वस्तूच्या वाट्याला काही मोजक्याच गोष्टी येतात. ती पुन्हा वापरली जाते, तिच्यापासून दुसरं काही बनतं, ती कुजून मातीत जाते, जाळली जाते किंवा कुठेतरी पडून राहते. प्लास्टिकचं उदाहरण घेऊ. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८.३ अब्ज टन प्लास्टिक तयार झालं. त्यातल्या सुमारे ६.३ अब्ज टनांचा तोवर कचरा झाला होता. या कचऱ्यापैकी ९ टक्क्यांच्या आसपास पुनर्प्रक्रियेला गेला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर साचला. म्हणजे दर पाच भागांतले जवळजवळ चार भाग आजही कुठे ना कुठे आहेतच.

वर्ल्ड बँकेच्या २०१८च्या अहवालात म्हटलं आहे की २०१६ साली जगभरातल्या शहरांमधून आणि वस्त्यांमधून २.०१ अब्ज टन घनकचरा निघाला आणि हेच चालू राहिलं तर २०५० पर्यंत हा आकडा ३.४ अब्ज टनांवर जाईल. वॉल-ईच्या मनोऱ्यांमागे असाच हिशोब आहे. कचरा निघण्याचा वेग जिरण्याच्या वेगापेक्षा जास्त असला, की सफाई करणारा कितीही इमानदार असला तरी मागेच पडणार.

आता एका तपशिलाकडे लक्ष द्या. मला तो या सिनेमातला सर्वात सुंदर तपशील वाटतो. वॉल-ई राहतो त्या जुन्या वाहनात मांडण्या आहेत आणि त्यांवर त्याने कामावरून उचलून आणलेल्या वस्तू लावून ठेवल्या आहेत. चमचे एका जागी, लायटर दुसऱ्या जागी, दिवे आणखी कुठे. एकदा त्याच्या हाती अर्धा चमचा आणि अर्धा काटा अशी वस्तू लागते. ती चमच्यांत ठेवावी की काट्यांत, याचा तो बराच वेळ विचार करतो आणि शेवटी दोन्हींच्या मध्ये ठेवतो. हे बघून हसू येतं. पण पृथ्वीवरच्या त्या अफाट कचऱ्यात वर्गीकरण झालेला कचरा फक्त या एका घरात आहे! आणि पुनर्प्रक्रियेची पहिली पायरी वर्गीकरण हीच असते. एका जातीचं प्लास्टिक वेगळं असेल तर ते वितळवून नवं काही करता येतं. त्यात अन्नाचे कण, कागद, धातू आणि दुसऱ्या जातीचं प्लास्टिक मिसळलं की ते वेगळं करण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि मग सगळंच कचराभूमीत जातं. बाहेर वॉल-ई हुकमाप्रमाणे सगळं एकत्र दाबतो. घरी मात्र, कुणी सांगितलेलं नसताना, एकेक वस्तू हातात घेऊन निरखतो.

त्याला एकदा हिऱ्याची अंगठी मिळते. अंगठी तो टाकून देतो आणि तिची उघडझाप होणारी डबी ठेवतो. बाजाराने ठरवलेली किंमत त्याला माहीत नाही. वस्तू काय करते, एवढंच तो बघतो.

दुरुस्तीचंही तसंच. वॉल-ई सातशे वर्षं टिकला याचं कारण तो मजबूत होता एवढंच नाही. तो सौरऊर्जेवर चालतो आणि बंद पडलेल्या भावंडांचे सुटे भाग काढून स्वतःला बसवतो. चाकांवरचे पट्टे झिजले, तर दुसऱ्याचे काढून लावले. डोळा फुटला, तर साठवणीतला नवा बसवला. हे जमतं कारण त्याच्या जातीच्या सगळ्या यंत्रांचे भाग सारखे आहेत आणि ते उघडता येतात. आजची बरीच उपकरणं याच्या नेमकी उलट असतात. बॅटरी डिंकाने चिकटवलेली, स्क्रू खास अवजारानेच निघणारे, सुटे भाग बाजारात नाहीत. परिणामी छोटासा बिघाडही सारं उपकरण टाकायला लावतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचे गुण छापणं बंधनकारक केलं. विकत घेण्याआधीच ग्राहकाला ते दिसावं, हा हेतू. ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून जगभर जी मागणी होते, तिचं वॉल-ईइतकं बोलकं चित्र दुसरं मिळणार नाही.

विकणारा तोच, आवरणारा तोच

सिनेमात बाय एन लार्ज नावाची एक कंपनी आहे. उजाड शहरात जिकडेतिकडे तिच्या पाट्या दिसतात. दुकानं तिची, पेट्रोलपंप तिचे, बँक तिची. सफाईचे यंत्रमानव तिनेच बनवले, पळून जायची जहाजंही तिचीच. आणि तिचा प्रमुख राष्ट्राध्यक्षासारखा व्यासपीठावर उभा राहून लोकांना संबोधित करतो. या प्रमुखाची भूमिका ॲनिमेशनमध्ये नाही, खऱ्या अभिनेत्याने केलेली आहे.

याचा अर्थ काय, ते सोपं करून पाहू. एखादी वस्तू शंभर रुपयांना विकली गेली असं समजा. त्या शंभरात कच्चा माल, मजुरी, वाहतूक, जाहिरात आणि नफा असतो. वस्तू निकामी झाल्यावर ती उचलून तिची विल्हेवाट लावायचा खर्च बहुतेक वेळा त्यात नसतो. तो पुढे कुणीतरी भरतं. कधी नगरपालिका, कधी कचराभूमीशेजारी राहणारी माणसं, कधी नदी. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात, म्हणजे व्यवहार करणाऱ्या दोघांच्या हिशोबाबाहेर राहिलेला खर्च. तो हिशोबात आणायचा एक मार्ग स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९०च्या सुमारास मांडला. वस्तू बनवणाऱ्यावरच तिच्या शेवटाचीही जबाबदारी टाकायची. मग तो आपोआपच कमी वेष्टन वापरेल, सुटे भाग वेगळे करता येतील अशी रचना करेल. ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ या नावाने ही कल्पना आज अनेक देशांच्या कायद्यांत आहे.

बाय एन लार्जच्या जगात हे शक्यच नव्हतं, कारण जबाबदारी टाकणारं बाहेरचं कुणी उरलंच नव्हतं. विक्रेता, सरकार आणि सफाई कामगार एकच. लोकांनी खरेदी करता करता निर्णयही त्या दुकानातच ठेवून दिले. जहाजावरच्या बाळांना मुळाक्षरं शिकवतात तेव्हा दुसऱ्याच अक्षराला कंपनीचं नाव येतं, ‘तुमची सर्वात जवळची मैत्रीण’ अशा थाटात.

आणि पळून जाऊन तरी काय साधलं? ॲक्सिअमच्या तळाशी वॉल-ईपेक्षा कितीतरी मोठे यंत्रमानव जहाजाचा कचरा दाबून त्याचे प्रचंड गठ्ठे करतात आणि ते सरळ अवकाशात फेकतात. हा प्रसंग पाठलागाच्या गडबडीत येतो, त्यामुळे निसटतो. कचऱ्यामुळे घर सोडलेल्या माणसांनी सातशे वर्षांत कचऱ्याबद्दल काहीच शिकलेलं नाही. फक्त खिडकी बदलली.

डोक्यावरचा कचरा

ईव्हला घेऊन जाणारं यान पृथ्वीबाहेर पडतं तेव्हा त्याला निकामी उपग्रहांच्या दाट थरातून वाट काढावी लागते. एक जुना उपग्रह वॉल-ईच्या डोक्यावर टोपीसारखा अडकतो. तो स्पुतनिकसारखा दिसतो. (खरा पहिला स्पुतनिक १९५७च्या ऑक्टोबरमध्ये सोडला गेला आणि तीनेक महिन्यांनी वातावरणात जळून गेला, त्यामुळे तो तिथे असणार नाही.)

या गमतीमागचं विज्ञान गंभीर आहे. १९७८ साली डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले या नासाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कक्षेतल्या वस्तूंची गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की टक्करीतून तुकडे, तुकड्यांमधून पुन्हा टकरी, अशी साखळी सुरू होऊ शकते. मग नवं काही न सोडताही कचरा वाढतच राहतो. सिनेमा येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच १० फेब्रुवारी २००९ रोजी चालू स्थितीतला इरिडियम ३३ आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. सापेक्ष वेग सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त होता. पूर्ण आकाराचे दोन उपग्रह असे अपघाताने धडकण्याची ही पहिलीच वेळ. माग काढता येतील एवढे मोठे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले. सिनेमात यान त्या थराला धडका देत सहीसलामत बाहेर पडतं. खऱ्या वेगांत तसं होणार नाही, छोटासा तुकडाही यानाला भोक पाडेल.

खुर्चीत बसलेली माणसं

आता माणसांकडे वळू. ॲक्सिअमवर सगळे तरंगत्या खुर्च्यांत आहेत. चेहऱ्यासमोर पडदा, हाताशी पेय. शेजारी शेजारी तरंगणारी दोन माणसंही पडद्यावरूनच बोलतात. ‘आता निळा नवा लाल आहे’ अशी घोषणा होते आणि क्षणात सगळ्यांचे कपडे लालचे निळे होतात. निवड करण्याचा भास आहे, निवड कुठेच नाही.

या माणसांचे देह फुगलेले, हातपाय आखूड. जहाजावरची जुनी चित्रफीत सांगते की कमी गुरुत्वाकर्षणामुळे हाडं थोडी झिजतील. यात तथ्य आहे. अंतराळवीरांच्या वजन पेलणाऱ्या हाडांची घनता व्यायाम केला नाही तर महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटते. म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ते रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. पण ॲक्सिअमवर माणसं खुर्चीतून पडली की जमिनीवरच पडतात, म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण आहे. मुख्य कारण न हलणं हेच. ते मात्र अवकाशात जायची वाट बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली सांगितलं की २०२२मध्ये जगातले सुमारे ३१ टक्के प्रौढ, म्हणजे १८० कोटी माणसं, आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करत नव्हती.

या चित्रणावर आक्षेप घेतला गेला, आणि तो मला विचार करण्यासारखा वाटतो. जाड देह म्हणजे आळस, असा सरधोपट संदेश मुलांपर्यंत जाऊ शकतो. वजनामागे आनुवंशिकता, आजार, औषधं, गरिबी अशी कितीतरी कारणं असतात. जहाज कलंडल्यावर माणसांचा ढीग घसरत जातो तो प्रसंग मला आजही रुचत नाही. तरी सिनेमाचा रोख नीट पाहिला तर तो त्या माणसांवर नाही. स्टॅन्टन यांनी ही माणसं मोठ्या आकाराची बाळं म्हणून कल्पिली होती. जन्मल्यापासून कुणी त्यांना जमिनीवर ठेवलंच नाही. खुर्ची त्यांनी निवडलेली नाही, त्यांच्या पंचवीस-तीस पिढ्या आधीच्या माणसांनी निवडली.

आणि ती माणसं वाईट नाहीत, हे सिनेमा वारंवार दाखवतो. जहाजावरच्या मेरी नावाच्या एका बाईच्या समोरचा पडदा वॉल-ईमुळे चुकून बंद होतो. ती पहिल्यांदा मान वळवून बघते, तर जहाजावर पोहण्याचा तलाव आहे! तो कायम तिथेच होता. मग तिला जॉन भेटतो आणि दोघे काचेबाहेर वॉल-ई आणि ईव्ह अवकाशात नाचताना बघतात. त्यांचे हात एकमेकांना लागतात तेव्हा दोघंही दचकतात. एवढ्या गर्दीत राहून कुणी कुणाला स्पर्श केलेला नाही. एकटेपणासाठी माणसं कमी असावी लागत नाहीत, हे एवढ्या साध्या प्रसंगात सांगणं सोपं नाही.

कप्तान आणि ऑटो

सिनेमाचा गाभा माझ्या मते इथे आहे, त्यामुळे जरा थांबून पाहू.

ॲक्सिअमचा एक कप्तान आहे. भिंतीवर आधीच्या कप्तानांची छायाचित्रं ओळीने लावलेली आहेत. प्रत्येकात कप्तान आणखी जाडजूड, आणि त्याच्या मागे असलेलं सुकाणूसारखं यंत्र प्रत्येकात थोडं आणखी जवळ आलेलं. हे यंत्र म्हणजे ऑटो, जहाजाचा स्वयंचलित चालक. आजच्या कप्तानाकडे एकच काम उरलं आहे, सकाळच्या घोषणा करणं. तो उशिरा उठतो, दुपार झालेली असते, तर तो घड्याळ मागे फिरवतो, कारण तेवढं एक काम तरी त्याला करायचं असतं. मला त्याचं यात वाईट वाटतं. त्याला काम हवं आहे.

१९८३ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी स्वयंचलित यंत्रणांमधला एक पेच मांडला होता. यंत्राकडे सोपी, रोजची कामं जातात आणि माणसाकडे फक्त अडचणीचा क्षण उरतो. पण रोजचं काम सुटल्यामुळे माणसाचा सराव गेलेला असतो. म्हणजे सर्वात अवघड वेळी आपण सर्वात कमी तयारीच्या माणसाला हाक मारतो. विमानाच्या स्वयंचालनाबद्दल, कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांबद्दल आणि आता स्वतः चालणाऱ्या गाड्यांबद्दल बोलताना हा मुद्दा आजही पुढे येतो. पोहायला शिकलेल्या माणसाला वर्षानुवर्षं पाण्यात उतरू दिलं नाही आणि पूर आल्यावर म्हटलं की आता तू वाचव, तसं हे आहे. वनस्पती सापडल्यावर काय करायचं याची पुस्तिका कप्तानाच्या हातात येते, तेव्हा पुस्तक कसं उघडतात हेही त्याला माहीत नसतं.

ऑटो मात्र खलनायक नाही. २११० साली, माणसं निघून पाच वर्षं झाल्यावर, कंपनीच्या प्रमुखाने गुप्त संदेश पाठवला होता. विषारीपणा फार वाढला आहे, सफाई फसली आहे, पृथ्वीवर परत येऊ नका, ताबा तुम्ही घ्या. हुकूम देणारा घाबरलेला होता, त्याला तेव्हा तेच खरं वाटत होतं. पुढे तो राहिला नाही, त्याची कंपनीही बहुधा राहिली नाही, हुकूम राहिला. सातशे वर्षांनी ईव्ह जिवंत रोपटं समोर ठेवते, तरी ऑटोचं उत्तर तेच. त्याला रोपटं दिसत नाही असं नाही. परिस्थिती बदलली तर हुकूम तपासायचा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलताना यंत्रं माणसांवर उलटतील अशी भीती व्यक्त होते. ऑटो त्यापेक्षा जवळचा धोका दाखवतो. उद्दिष्ट एकदाच नेमून दिलं, ज्या कारणासाठी ते होतं ते कारण सांगितलं नाही, मुदत घातली नाही आणि थांबवण्याचा अधिकारही यंत्राच्याच हाती दिला. असं यंत्र आज्ञाधारक राहूनच नुकसान करतं. संशोधक आज यावर बरंच काम करत आहेत : यंत्राला उद्दिष्टामागचा हेतू कसा कळावा, शंका आल्यास त्याने माणसाला कसं विचारावं आणि माणसाने थांबवलं तर त्याने विरोध करू नये अशी रचना कशी करावी.

आता वॉल-ईला ऑटोशेजारी उभं करा. त्यालाही सातशे वर्षांपूर्वीच हुकूम मिळाला. हुकूम देणारी माणसं तीच. तोही रोज इमानाने पाळतो. मग दोघांत एवढा फरक का? ऑटो छताला धरून जहाजाच्या नियंत्रण कक्षात फिरतो. त्याच्यापर्यंत पोचतात ती फक्त माहिती आणि नियम. वॉल-ईच्या हातातून मात्र रोज हजारो वस्तू जातात. कुणाचा तरी बूट, कुणाचं तरी खेळणं, जुन्या संगीतपटाची व्हिडिओ कॅसेट. त्या कॅसेटमध्ये दोन माणसं हात धरतात ते तो पुन्हा पुन्हा बघतो. हाताळता हाताळता तो प्रश्न विचारायला शिकला आहे. खरी यंत्रं असं कुतूहल शिकत नाहीत, हे मान्य. पण माणसांच्या बाबतीत हा फरक खरा आहे. ज्याचं काम वस्तूंपासून, मातीपासून, समोरच्या माणसापासून तुटलं, त्याला नियमच तेवढे दिसतात.

कप्तानाचंही असंच बदलतं. वॉल-ईशी हात मिळवताना त्याच्या हाताला माती लागते. ती काय आहे हे तो संगणकाला विचारतो. मग पृथ्वी म्हणजे काय, समुद्र म्हणजे काय, नाच म्हणजे काय, असं रात्रभर विचारतच राहतो. शेवटी ऑटो त्याला सांगतो की जहाजावर तू जिवंत राहशील. त्यावर कप्तान उसळून म्हणतो की त्याला नुसतं तग धरायचं नाही, जगायचं आहे. मग तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहतो आणि ऑटोवरची कळ दाबून जहाज हाताने चालवण्यावर आणतो. ती कळ सुरुवातीपासून होती. तिथपर्यंत पोचायला उभं राहावं लागत होतं.

एका रोपट्यावर भरवसा ठेवावा का?

विज्ञानाच्या दृष्टीने सिनेमाचा सर्वात कच्चा दुवा इथे आहे. एक हिरवं रोपटं सापडलं म्हणजे पृथ्वी राहण्याजोगी झाली, असा निकष जहाजावर ठरलेला आहे. प्रकाशसंश्लेषण चालू आहे एवढंच त्यातून कळतं. हजारो माणसांचं पोट भरायला सुपीक माती लागते, त्या मातीत बुरशी आणि जिवाणू लागतात, परागीभवन करणारे कीटक लागतात, पाण्याचं चक्र लागतं. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते की २-३ सेंटीमीटर माती तयार व्हायला एक हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. सातशे वर्षांत वॉल-ईच्या पृथ्वीवर फारशी नवी माती झाली नसती.

जीवन परत येतं, हे मात्र खरं आहे. आइसलँडजवळ १९६३ साली समुद्रातल्या ज्वालामुखीतून सर्ट्सी बेट वर आलं. १९६५ सालीच तिथे पहिलं फुलझाड आढळलं. पुढे शेवाळ, दगडफूल, समुद्रपक्षी आले. पक्ष्यांच्या विष्ठेने माती सुपीक झाली आणि वनस्पतींची संख्या वाढत गेली. पहिलं रोपटं म्हणजे सुरुवात असते, पण त्या बेटाभोवती बिया वाहून आणणारं जिवंत जग होतं. वॉल-ईच्या पृथ्वीवर असं काही उरलेलं दिसत नाही. दिसतं ते एक झुरळ.

योगायोगाने सिनेमा आला त्याच वर्षी, २६ फेब्रुवारी २००८ रोजी, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जागतिक बियाणे तिजोरी सुरू झाली. डोंगराच्या पोटात, उणे १८ अंशांवर, जगभरच्या पिकांच्या बियांचे नमुने तिथे ठेवले जातात. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या बियाणे पेढीतलं काम थांबलं, तेव्हा २०१५ साली या तिजोरीतून पहिल्यांदा बिया परत काढल्या गेल्या, दुसरीकडे पेरून वाढवल्या गेल्या आणि पुढे त्यांतल्या काही पुन्हा तिजोरीत आल्या. एका बुटातल्या रोपट्यावर विसंबून न राहण्याची ही खऱ्या जगातली तजवीज.

स्टॅन्टन यांनी नंतर स्पष्ट केलं आहे की पर्यावरणाचा संदेश द्यायचा म्हणून त्यांनी हा सिनेमा केला नाही. त्यांना एकट्या राहिलेल्या शेवटच्या यंत्राची प्रेमकथा सांगायची होती. कचरा निवडला तो बघणाऱ्याला न सांगता कळतो म्हणून. मला यात विरोध दिसत नाही. भाषण द्यायचं नव्हतं म्हणूनच कचऱ्याकडे इतक्या प्रेमाने बघणारं पात्र तयार झालं. अति खरेदीवर बोट ठेवणारा सिनेमा एका महाकाय मनोरंजन कंपनीने बाजारात आणला आणि त्याची खेळणीही विकली, ही टीका मात्र रास्त आहे. वॉल-ईचं प्लास्टिकचं खेळणं वॉल-ईच्याच गठ्ठ्यात जाऊ शकतं.

जहाज परतल्यानंतर काय झालं, हे मुख्य कथेत येत नाही. कप्तान मुलांना सांगतो की आता आपण भाज्यांची रोपं लावू, पिझ्झाची रोपं लावू. म्हणजे त्याला अजून सगळंच शिकायचं आहे. उत्तर श्रेयनामावलीत आहे, म्हणून ती चालू असताना उठू नका. गुहाचित्रांपासून इजिप्तची भित्तिचित्रं, मोझेक आणि पुढे व्हॅन गॉगच्या धाटणीपर्यंत, कलेच्या इतिहासातल्या एकेका शैलीत ही माणसं पुन्हा आग पेटवताना, विहीर खणताना, शेती करताना, मासे पकडताना दिसतात. यंत्रमानवही त्यांच्याबरोबर आहेत. त्यांना कुणी मोडीत काढलेलं नाही. आता ते नांगराच्या बाजूला आहेत, माणसंही नांगराच्या बाजूला आहेत, आणि खुर्च्या कुठेच दिसत नाहीत.